थंड व कोरड्या जागी

कनेरगाव नाका, जि. हिंगोली
५ मार्च २०२५

ती. राधिकाताई,
नमस्कार.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "साधना, माय कशी आहे?" आणि मी म्हणाले, "बऱ्या आहेत." फोन स्पीकरवर होता. समोर हे बसलेले, पलंगावर खुद्द आत्याबाई, दारात शेजारच्या आशाबाई. एवढ्या कानांसमोर सून दुसरं काय सांगणार? म्हणून हे पत्र. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, फोनवर बोलता येणार नाही ते मला लिहीत जा. अठरा वर्षं लिहिते आहे. आमचे पोस्टमन म्हणतात, अंगणवाडीच्या बाईंचं पाकीट म्हणजे पत्ता वाचायची गरज नाही.

आत्याबाई आज खरंच बऱ्या आहेत. पण गेल्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं, त्या पडल्या आणि हिंगोलीला चार दिवस सलाईनवर होत्या, तेव्हापासून तुमच्या भावाच्या मनात भीती बसली आहे. दवाखान्याच्या फरशीवर बसून त्यांनी त्या चार रात्री काढल्या. आता उन्हाचा कडाका वाढायला लागला की एकच बोलतात: "यंदा पुन्हा तसं झालं तर मायला अक्काकडं पुण्याला नेऊन सोडतो. कायमचं." परवा तेच बोलले तर आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या अकरा मेंढरायला पुण्यात कोणत्या मजल्यावर ठेवता?" सगळे हसले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. त्या पदराचं टोक पिळत होत्या.

स्लॅबची खोली यांनी हळदीच्या पिकाच्या पैशातून मायसाठी म्हणून बांधली, दिवाळीला तिथे एसी बसवला. पण दुपारी लाइट जाते. मग छतावरचं सोलार आणि त्याची बॅटरी, ती दोन वाजेपर्यंत संपते. खरी आग तर दोनच्या पुढे असते. कूलर लावावा तर एप्रिलात पाणी कुठून आणायचं?

काल तुम्ही वायफायवर चालणारं एक यंत्र सांगत होतात, खोलीचं तापमान बघून एसी चालू-बंद करणारं. त्यानं बॅटरी पाच वाजेपर्यंत पुरेल का? पुरली, तर आत्याबाई इथे राहतील. नाही तर नाही. नीट बघून निवडा.

तुमची,
साधना


पुणे
१३ मार्च २०२५

प्रिय साधना,

तुझं पत्र मी कामावर, गोदामाच्या बाहेर बाकावर बसून वाचलं. आत दोन अंशांवर औषधं असतात, बाहेर छत्तीस. मधल्या दारापाशी मी गेली एकवीस वर्षं उभी आहे. तापमान हा माझा धंदा आहे. तेव्हा तू अजिबात घाबरू नकोस.

त्या यंत्राला थर्मोस्टॅट म्हणतात. मी तीन बघितले.

एक भिंतीवर लावायचा, काचेचा, दिसायला फार देखणा. पण तो ज्या भिंतीवर बसतो त्या भिंतीचंच तापमान सांगणार, पलंगावरच्या माणसाचं नाही. तो बाद. दुसरा बोललेलं ऐकतो. 'थंड कर' म्हटलं की थंड करतो. पण इंटरनेट गेलं की बहिरा होतो, आणि मायचं बोलणं त्याला कळणार नाही याची मला खात्री आहे. तिसरा साधाच आहे. त्याचे दोन भाग. एक एसीच्या समोर बसवायचा, तो रिमोटसारखा एसीला हुकूम देतो. दुसरी एक काडेपेटीएवढी डबी, बॅटरीवर चालणारी, हवी तिथे ठेवता येते. डबीला तीसच्या वर गरम लागलं की एसी चालू, सत्तावीस झालं की बंद. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालू राहतो, आणि आलं की मला इथे मोबाइलवर सगळं दाखवतो.

मला तिसराच पसंत आहे. पण आधी सांग, तुझ्या आरोहीच्या अभ्यासासाठी घेतलेलं वायफाय लाइट गेल्यावर किती वेळ टिकतं? खोलीची दारं-खिडक्या बंद राहतात की माय उघडते? आणि एसीचं रिमोट कुणाच्या हातात असतं?

मायला सांग, तुझी लेक परक्या औषधांना एवढं सांभाळते, तुला नाही का सांभाळणार?

राधिका


कनेरगाव नाका
२३ मार्च २०२५

ती. राधिकाताई,

वायफायला सोलारची वायर जोडलेली आहे, ते जात नाही. खिडक्या बंद असतात. दार आत्याबाई उघडतात, दर अर्ध्या तासाला, मेंढरं बघायला. रिमोट देवघरात आहे. हे म्हणतात, महागाची वस्तू आहे, देवाजवळ राहू दे.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. थर्मोस्टॅट म्हटल्यावर म्हणाल्या, "आपल्या घरात हाय की थर्मास. चहाचा." मी समजावलं, हे वेगळं आहे, हे खोली किती तापली ते बघतं. त्यावर त्यांनी मला गोठ्याच्या कुडापाशी नेलं. दुपारचे बारा वाजले होते. मेंढरं गोल उभी राहून एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालत होती. "हे बघ. म्होरकी मोरी हाय ना, तिनं डोकं खाली घातलं की म्या समजते, आता माणसानं घरात जावं. तुझ्या नणंदंला लिही, माझ्यापाशी अकरा हायत तसले."

लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. यंत्र तिसरंच घ्या.

साधना


पुणे
३ एप्रिल २०२५

प्रिय साधना,

थर्मोस्टॅट पाठवला आहे. हिंगोलीचा गोपीचंद इलेक्ट्रिशियन येऊन बसवून जाईल, त्याच्याशी मी बोलले आहे. वायफाय जोडायचं काम आरोही दोन मिनिटांत करेल. मी इथून तीसच्या वर चालू, सत्तावीसला बंद असं लावून ठेवते, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. कुणी काही दाबायचं नाही. अंगदला सांग, रिमोट आता खुशाल देवाजवळच राहू दे.

एक लक्षात ठेव. अशा यंत्रात आपली अक्कल चालवली की ते बिघडतं. काही अडलं तर खोक्यावर काय लिहिलं आहे ते बघ आणि तसंच कर.

मोरीला सांग, तुला सुट्टी.

राधिका


कनेरगाव नाका
१५ एप्रिल २०२५

ती. राधिकाताई,

यंत्र परवा बसलं. गोपीचंदला एका लग्नाची रोषणाई करायची होती, मोठा भाग एसीसमोर लावून तो घाईत निघून गेला. आरोहीनं जोडून दिलं. तुमच्या मोबाइलवर दिसायला लागलं असेल.

डबी कुठे ठेवायची ते त्यानं सांगितलं नाही. मग तुम्ही म्हणालात तसं खोक्यावर बघितलं आणि तिथे लिहिलं होतं तशीच ठेवली आहे. काळजी नसावी.

आत्याबाईंची तब्येत चांगली आहे. भाकरी दीड खातात.

साधना


पुणे
२९ एप्रिल २०२५

प्रिय साधना,

आज मी फार खुशीत आहे.

गोदामात पोरी मला म्हणतात, मॅडम, सारखं मोबाइलमध्ये काय बघता? मी म्हणते, माझी माय बघते. पंधरा दिवस झाले. बाहेर हिंगोली बेचाळीस अंश दाखवतं आणि मायची खोली अठ्ठावीस. एकदाही एकोणतीसच्या वर नाही. अंगद फोनवर सांगत होता, संध्याकाळी बॅटरी जवळजवळ भरलेलीच असते. म्हणजे बघ, यंत्र नीट निवडलं तर विजेची किती बचत होते. एसी तोच, सोलार तेच, फक्त कधी थांबायचं ते कळायला हवं.

मी अंगदला स्पष्ट सांगितलं, मायला पुण्याला आणायचा विषय आता काढू नकोस. तो म्हणाला, मे जाऊ दे अक्का, मग बोलू. जाऊ दे मे. मला मेची भीती नाही.

माय गावी राहिली आणि आपण इकडे आलो, की दिवसातून एकदा तरी मनात येतं, आत्ता ती काय करत असेल. सव्वीस वर्षं त्याला उत्तर नव्हतं. आता आहे. अठ्ठावीस.

राधिका


कनेरगाव नाका
८ मे २०२५

ती. राधिकाताई,

पत्र मिळालं. आनंद झाला. इकडे सगळं ठीक. ऊन खूप आहे. अंगणवाडी सकाळचीच असते. आरोही दहावीत गेली, आतापासून पुस्तकं घेऊन बसते.

आत्याबाईंनी लिहायला सांगितलं आहे: "राधी, यंत्र लई गुणाचं हाय. कशाची तकलीफ न्हाई. तू तिकडं सुखात राहा आणि उगं इकडं येऊ नको, उन्हाचं."

साधना


पुणे
१५ मे २०२५

साधना,

हे पत्र तुला मिळेल त्याच्या आधी मी तुझ्यासमोर उभी असेन. तरीही लिहिते, कारण समोर आल्यावर मी आधी रागावेन, आणि रागाच्या मागे काय होतं ते कागदावर राहिलेलं बरं.

आज गोदामात नवीन मुलीला आलेख शिकवत होते. तिला सांगत होते, यंत्रानं थंड केलेल्या खोलीची रेघ सरळ नसते, करवतीच्या दातांसारखी असते. तापलं, यंत्र चालू, खाली. थांबलं, पुन्हा वर. आणि माणूस आत-बाहेर करतो तिथे दाराच्या उघडझापेचे उंचवटे दिसतात. रेघ सरळ दिसली तर समजायचं, काहीतरी चुकतंय. हे बोलता बोलता मी मोबाइल काढला.

मायच्या खोलीची रेघ सरळ आहे, महिनाभर. मेमधल्या एका दुपारचा एकच सुळका सोडला तर एक दात नाही. आणि खाली दमटपणाचा आकडा असतो, तो मी कधी बघितलाच नव्हता. सत्तर. मे महिन्यात, हिंगोली जिल्ह्यात, बंद खोलीत सत्तर. फक्त रोज सकाळी सहाला रेघ जराशी खाली जाते. सहाला आपल्या घरी काय होतं ते मला माहीत आहे. तू रांजण भरतेस.

एकवीस वर्षं हेच काम करते आणि महिनाभर मला ते दिसलं नाही. अठ्ठावीस हा आकडा मला इतका हवा होता.

डबी रांजणापाशी आहे, मग एसी कुणाच्या सांगण्यावरून चालतो? चालतो तरी का? आणि माय कुठे आहे? फोनवर विचारलं तर तू म्हणशील, बऱ्या आहेत. मी शनिवारी येते.

राधिका


(शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली ठेवलेली चिठ्ठी)

१८ मे २०२५

राधिकाताई,

तुमची बॅग भरून देते आहे. तुम्ही मेंढरांकडे गेला आहात तेवढ्यात लिहिते.

काल जुन्या माळवदाच्या खोलीत येऊन तुम्ही रांजणावरच्या कोनाड्यातून डबी काढलीत आणि माझ्याकडे बघितलंत, तेव्हा मला वाटलं जमीन दुभंगावी. तुम्ही ओरडला नाहीत. खोकं मागितलंत. मी ते जपून ठेवलं होतं, तुम्हाला बोट ठेवून ती ओळ दाखवली. मग तुम्ही हसायला लागलात ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खोक्यावर सगळं इंग्रजीत होतं, ताई. त्यातली एवढीच ओळ मला वाचता आली, 'कूल अँड ड्राय प्लेस', कारण अंगणवाडीत आहाराच्या प्रत्येक पाकिटावर ती असते: थंड व कोरड्या जागी ठेवा. पंधरा वर्षं मी ती पाळते. आपल्या घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे रांजणाची. पण ओली. म्हणून वरचा कोनाडा निवडला आणि खाली कोरडं फडकं घातलं. मला किती समाधान वाटलं होतं त्या फडक्याचं. विकायच्या आधी खोकं कुठे ठेवायचं त्याची सूचना ती, हे मला काल कळलं.

ही झाली माझी चूक. आता लपवलेलं सांगते.

सुरुवातीला एसी चालू होत नव्हता, तेव्हा मला वाटलं यंत्र हुशार आहे, त्याला गरज वाटत नसेल. तुम्ही आपली अक्कल चालवू नको म्हणाला होतात. मग मे लागल्यावर एका दुपारी मी कोनाडा सारवायला डबी उचलून अंगणातल्या ओट्यावर ठेवली. पाच मिनिटांत स्लॅबच्या खोलीत एसी घोंगावायला लागला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. डबीकडे बघितलं, एसीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "असं हाय व्हय. ही मोरी हाय. हिला ऊन लागलं की तो धापतो." मग स्वतःच्या हातानं डबी उचलून कोनाड्यात परत ठेवली. "ऱ्हाऊ दे हितंच. राधीला बी सांगू नको, अंगदला बी न्हाई."

त्या रोज दुपारी, मेंढरांनी डोकी खाली घातली की, घरात येतात आणि रांजणाशेजारी जमिनीवर पडतात. हे तेव्हा शेतात असतात. मला त्यांनी शपथ घातली होती. स्लॅबच्या खोलीत का नाही जात, विचारलं तर उत्तर देत नाहीत. तुम्ही लेक आहात, तुम्हाला सांगतील.

मला माफ करा. चटणीत लसूण कमी आहे, तुम्हाला आता चालत नाही म्हणून.

साधना


पुणे
२६ मे २०२५

प्रिय साधना,

चिठ्ठी बसमध्येच सापडली. कनेरगाव ते पुणे मी ती किती वेळा वाचली, माहीत नाही.

माफी तू मागू नकोस. तुला मी दोन पानं भरून यंत्राचं कौतुक लिहिलं, वायफाय विचारलं, रिमोट विचारलं. 'डबी मायजवळ ठेव' एवढं एक वाक्य लिहिलं नाही. आणि त्याच्याही आधीचं एक राहिलं. तीन यंत्रं मी पारखली, पण मायला विचारलं नाही, की दुपारी तू कुठे पडतेस? विचारावंसंच वाटलं नाही. अंगदनं खोली बांधली, एसी लावला, म्हणजे ती तिथेच असणार. गंमत बघ. माझ्या हुशारीनं डबी तिच्याजवळ गेली नसती. तुझ्या चुकीनं बरोबर तिच्या उशाशी जाऊन बसली. तो अठ्ठावीस आकडा खरा होता, साधना. मायच्या जागेचाच होता.

आता तुला माहीत नाही ते सांगते. रविवारी दुपारी तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा मी तिच्याशेजारी जमिनीवर पडले. लहानपणी पडायची तशी. माळवदाच्या जाड भिंती, वर हातभर माती, रांजणाचा ओलसर वास. बरं वाटत होतं. मी विचारलं, माय, तिकडं काहून जात न्हाईस? मग म्हणाली, "गेल साली म्या रानात पडले न्हाई, राधी. त्या खोलीत पडले."

आपण सगळे समजत होतो, सकाळी मेंढरांमागे गेली म्हणून तिला ऊन लागलं. ती नऊलाच परत आली होती. अंगदनं हौसेनं नवी खोली बांधली, माय तिथे झोपली की त्याला बरं वाटायचं, म्हणून ती तिथे जाऊन पडली. पत्र्यासारखा तापलेला स्लॅब, वरून गरम वारा फेकणारा पंखा. दुपारी पाणी प्यायला उठली आणि दाराशी कोसळली. आशाबाईंना सापडली ती दाराबाहेर, म्हणून सगळ्यांना वाटलं, बाहेरून येत होती.

मी म्हटलं, मग एक वर्ष बोलली का नाहीस? तर म्हणाली, "पोरगं दवाखान्याच्या फरशीवर बसून रडत होतं. त्याला सांगू का, बाबा, तुझ्याच खोलीनं पाडलं?"

ते एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून ती पुण्याला यायलाही तयार होती, साधना. मेंढरं सोडून. पण लेकराला दोष लागू द्यायचा नाही.

आता तू ठरव, अंगदला कसं सांगायचं. मी सांगितलं तर त्याला लागेल, तू सांगितलंस तर जास्त लागेल. मला एक सुचतं. आपण कुणीच सांगायचं नाही. त्याच्या मोबाइलवर मी ते ॲप घालून दिलं आहे. एक दुपार एसी बंद ठेवून डबी स्लॅबच्या खोलीत ठेव, दुसऱ्या दुपारी कोनाड्यात. त्याला म्हण, अक्कानं तपासायला सांगितलंय, आकडे लिहून ठेवा. तो हिशेबी माणूस आहे. आकडा त्याच्यावर रागावणार नाही.

राधिका


कनेरगाव नाका
५ जून २०२५

ती. राधिकाताई,

तुम्ही सांगितलं तसं केलं. रविवारी दुपारी तीन वाजता स्लॅबची खोली बेचाळीस. सोमवारी तीन वाजता कोनाडा एकोणतीस. दोन्ही दिवस ऊन सारखंच होतं.

यांनी दोन्ही आकडे हळदीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. मग वही मिटली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसले. आत्याबाई रांजणाशेजारी बसून वाकळ शिवत होत्या. हे जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि हळूच विचारलं, "माय, तवा तू खोलीतच पडली होतीस ना?"

आत्याबाईंनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "पडायला काय, माणूस कुठं बी पडतं. तू उचललं ना?"

हे उठले, स्लॅबच्या खोलीत गेले, मायचा पलंग एकट्यानं उचलला आणि माळवदाच्या खोलीत आणून कोनाड्याखाली टेकवला. दारात अडकला, तर दाराची चौकट खरवडली गेली, तरी थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी बालाजीकाकाला बोलावून माळवदावर नवी माती टाकून घेतली, पावसाळ्याच्या आत. काका चेष्टा करत होते, "लोक माळवद पाडून स्लॅब टाकतात, अन् हा बघा उलट्या डोक्याचा." हे म्हणाले, "माझी माय हितं राहती."

पुण्याचा विषय परत निघालेला नाही. निघणारही नाही. फोनवर ते स्वतःहून तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

तुम्ही दुसरी डबी पाठवलीत, ती मिळाली. पहिली स्लॅबच्या खोलीत आरोहीच्या टेबलावर आहे. ती तिथे अभ्यास करते, एसी चालतो, थांबतो, चालतो, थांबतो. तुमच्या करवतीला दात आले असतील. बॅटरी बराबर पाच वाजेपर्यंत पुरते. दुसरी डबी कोनाड्यात, आत्याबाईंच्या पलंगाच्या वर. त्या डबीला कुठलंच यंत्र जोडलेलं नाही असं आरोही म्हणते. मग ती कशासाठी, असं आत्याबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ती नुसती राधिकाताईंना सांगते, तुम्ही जिथे आहात तिथे किती गरम आहे ते. "बस, तेवढंच?" म्हणाल्या. आणि डबी हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसल्या.

खालचं कोरडं फडकं मी काढलेलं नाही. राहू द्यावंसं वाटलं.

साधना


पुणे
१९ जून २०२५

प्रिय साधना,

घाईत लिहिते. आरोहीच्या खोलीची रेघ सुंदर आहे, पुस्तकात छापावी अशी. पण कोनाड्यातल्या डबीत काहीतरी बिघाड दिसतो. दिवसभर रेघ सरळ असते ते ठीक, जाड भिंती आहेत. पण आठ दिवसांपासून रोज दुपारी एकच्या सुमारास ती अचानक चढते. तीस, बत्तीस, चौतीस. दहा मिनिटं तिथेच राहते आणि पुन्हा उतरते. रोज. रविवारीसुद्धा. खिडकीतून ऊन पडतं म्हणावं तर त्या खोलीला तिकडून खिडकी नाही. चूल लांब आहे. मी एकवीस वर्षांत असा उंचवटा बघितलेला नाही.

फोनवर विचारलं तर अंगद म्हणतो, सगळं ठीक आहे. या वेळी मी लगेच घाबरणार नाही, आधी विचारते. एक वाजता तिथे काय होतं?

राधिका


कनेरगाव नाका
२६ जून २०२५

ती. राधिकाताई,

डबी ठीक आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी अंगणवाडीतून लवकर आले आणि दाराआड उभी राहिले. एक वाजता आत्याबाई जेवून आल्या, हात धुतले, पदराला कोरडे पुसले. कोनाड्यातून डबी काढली. पलंगावर बसल्या आणि ती मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून बसून राहिल्या. मग परत फडक्यावर ठेवली आणि आडव्या झाल्या.

मी विचारलं, हे काय करून राहिल्या? त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, मागे मीच त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं, की माणूस असतो तिथली रेघ हलते आणि नसतो तिथली सरळ राहते. पुढे जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते आहे, कारण शेवटी त्यांनीच सांगितलं, लिही:

"राधी, भिंत लई थंड हाय म्हणून तुला माझं काही कळत नसंल. म्हणून रोज जेवल्यावर धरते. तिकडं रेघ वर गेली की समजत जा, मायचा हात हाय."

साधना